घरतबाईंनी उघडलेला कॉम्प्युटर

घरतबाईंना ‘असू दे’ म्हणता येत नसे. शाळामास्तरांचं निम्मं आयुष्य या दोन शब्दांवर चालतं. पगार लांबला, असू दे. वर्ग गळतोय, असू दे. नव्या पुस्तकात उत्तर चुकीचं छापलंय, असू दे. बाई काही म्हणजे काही असू देत नसत. एकदा आठवीच्या वर्गातला फळा मधोमध तडकला. दुसरा फळा येईपर्यंत बाईंनी गणिताचा तास व्हरांड्यात घेतला, तोही नेमका हेडसरांच्या खोलीसमोर, आणि पाढे मोठ्यानं म्हणून घेत. फळा लवकर आला.

मी पनवेलच्या त्या शाळेत चित्रकलेचा शिक्षक म्हणून लागलो तेव्हा ऐंशीचं दशक सरत आलं होतं. बाई माझ्याआधीपासून तिथे गणित आणि विज्ञान शिकवत होत्या. अंगानं ठेंगण्या, रुंद, रंगानं उन्हात तापलेल्या. साडी घोट्याच्या चांगली वर, कारण विचुंबे गावाहून चालत यायच्या आणि वाटेतला चिखल त्यांना साडीला लावून आणायचा नसे. अंबाड्यात कायम एक पेन्सिल खोचलेली. वर्गात कुणाचं गणित तपासायचं झालं की हात मागे जायचा, पेन्सिल बाहेर यायची, आणि अंबाडा अर्धा सुटून मानेवर लोंबायचा. त्याकडे त्यांचं लक्ष नसे.

त्यांचं माहेर खांदा गावचं. वडिलांची भातशेती होती, आणि काकांची खाडीकडे मिठागरं. शेती नवीन पनवेल उभं राहताना गेली. मी खांदा कॉलनीत फ्लॅट घेतला तेव्हा पेढे घेऊन स्टाफरूममध्ये गेलो. बाईंनी इमारत नेमकी कुठे ते विचारलं, मी सांगितलं. पेढा तोंडात टाकून त्या म्हणाल्या, “म्हणजे तुमची झोपायची खोली आमच्या बांधावर आली. पाणी तुंबलं तर मला विचारा, कुठे चर काढायचा ते मी सांगीन.” त्यात कडवटपणा नव्हता, पण गंमतही नव्हती. ती जमीन त्यांनी मनातून सोडलेली नाही एवढं मला कळलं.

बाईंच्या बोली दोन होत्या. शिकवताना त्या पुस्तकातलं बोलत. राग आला किंवा एखादी गोष्ट अगदी मनापासून सांगायची असली की ‘आहे’चं ‘हाय’ आणि ‘नाही’चं ‘नाय’ व्हायचं. ‘नाय’ ऐकू आलं की समोरच्यानं सावध व्हावं, हे शाळेतल्या पहिलीच्या पोरांनाही ठाऊक होतं. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी त्यांच्या तासानंतर, शिक्षिकेचे उच्चार ग्रामीण आहेत, असं सगळ्यांदेखत म्हटलं. बाईंनी साहेबांना परत वर्गात नेलं आणि सांगितलं, “पोरांना अपूर्णांक आला की नाय, ते विचारा. उच्चाराचं मग बघू.” साहेबांनी विचारलं. पोरांना येत होतं. साहेबांनी उच्चाराचं मग पाहिलं नाही.

आणि डब्याची गोष्ट. बाईंच्या डब्यात सुकट असायची, कधी बोंबलाची चटणी. स्टाफरूममध्ये काहींना वास सोसत नसे. त्यांनी हेडसरांच्या कानावर घातलं. आमचे हेडसर दामले, फार सज्जन आणि फार घाबरट माणूस. कुणाला दुखवायचं म्हटलं की त्यांच्याच पोटात दुखायचं. ते आले, चष्मा पुसला, आणि बाईंना म्हणाले की जेवताना जरा खिडकीपाशी बसलात तर बरं होईल. बाई चपातीचा तुकडा मोडत होत्या. “मी इथे बसते, सर,” त्या म्हणाल्या. “खिडकी इकडे आणा.” पुढे त्याच टेबलावर बसून तक्रार करणाऱ्यांतल्या एकानं बोंबलाची चटणी चाखली, हे मी पाहिलंय. नाव सांगत नाही.

ही सगळी बाईंची रोजची लढाई. ती बघायला आम्हाला मजा यायची, कारण लढायच्या त्या आणि सुटायचो आम्ही. पण त्या एका वर्षी गोष्ट मजेच्या पलीकडे गेली.

नव्वदीच्या मध्यावर शाळेला कॉम्प्युटर मिळाला. देणारे आमच्या संस्थेचे कार्यवाह. इमारती बांधण्याचा त्यांचा धंदा त्या दिवसांत जोरात होता. समारंभ झाला, नारळ फुटला, मॉनिटरला हार घातला, आणि ‘शाळेस नवीन संगणक भेट’ असा फलक लावून फोटो काढले. हेडसरांच्या शेजारच्या खोलीला पडदे आले, चपला बाहेर काढायचा नियम झाला. त्यानंतर तो कॉम्प्युटर झाकणाखाली गेला. पाहुणे आले की झाकण निघायचं, पाहुणे गेले की परत पडायचं.

घरतबाईंनी मे महिन्याच्या सुट्टीत वाशीला जाऊन कॉम्प्युटरचा कोर्स केला, कुणी न सांगता. जूनमध्ये त्या हेडसरांकडे गेल्या आणि म्हणाल्या, मुलींना शिकवते. कार्यवाहांचं म्हणणं होतं आधी मुलगे, मुलींचं पुढे बघू. त्यांना शिवणाचा वर्ग आहेच. बाईंनी मुलग्यांच्या वर्गाला हरकत घेतली नाही. फक्त मुलग्यांना शिकवायला कुणी पुढे येईना, आणि शाळा सुटल्यावर बाई आपल्या आठवी-नववीच्या मुली घेऊन त्या खोलीत बसू लागल्या. झाकणाची घडी करून त्यांनी कपाटावर ठेवून दिली. चपलांचा नियमही मोडला. “मशीन हाय, देव नाय,” म्हणाल्या.

मुलींत फरीदा नावाची एक होती. मोहल्ल्यातली, वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. बोलायची कमी, पण बोटं कीबोर्डवर अशी पडायची की बाकीच्या मुली आपलं काम सोडून बघत राहायच्या. दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्या दिवशी कॉम्प्युटर सुरू करायची पाळी तिची होती. तिनं बटण दाबलं. पंखा फिरला, हिरवा दिवा लागला, पण पडदा काळाच राहिला. बंद करून पुन्हा लावला. काळाच.

कार्यवाहांनी त्यांच्या ओळखीचा माणूस पाठवला. त्यानं मशीन आतून उघडलंसुद्धा नाही. इथे तिथे दोन-चार टपल्या मारल्या आणि निकाल दिला: मदरबोर्ड गेला, कुणीतरी वेडंवाकडं हाताळलंय, आता नवीन मशीनच घ्या. मदरबोर्ड म्हणजे डब्याच्या आत पसरलेली मोठी पाटी, जिच्यावर बाकी सगळं बसतं आणि जिच्यातून सगळं एकमेकांशी बोलतं. हे मला बाईंनी नंतर समजावलं. तेव्हा आम्हाला एवढंच कळलं की कॉम्प्युटर मेला आणि मारणारा हात शोधायचा आहे. शेवटी बटण कुणी दाबलं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं.

फरीदाच्या वडिलांना शाळेत बोलावलं. मी तेव्हा हेडसरांच्या खोलीत वार्षिक संमेलनाच्या पडद्याचं काही विचारायला गेलो होतो, तिथेच अडकलो. ते गृहस्थ हाताचं ग्रीस पुसून आले होते तरी नखांत काळं राहिलंच होतं. त्यांना कुणी बसा म्हटलं नाही. कार्यवाह खुर्चीतून बोलत राहिले, की एवढी मोलाची वस्तू, विश्वासानं मुलींच्या हाती दिली, हे फळ मिळालं. त्या गृहस्थांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, लडकी आता हात नाही लावणार, साहब. आणि गेले. दुसऱ्या दिवसापासून फरीदा बाईंच्या वर्गाला येईनाशी झाली, आणि त्या आठवड्यात शाळेतही येईनाशी झाली.

बाई रजेवर होत्या, नणंदेच्या घरी लग्न होतं. परत आल्या आणि त्यांना कळलं. मला वाटलं होतं आता स्टाफरूम दणाणणार. तसं काही झालं नाही. त्यांनी डबा तसाच पिशवीत ठेवला, मला म्हणाल्या, “सबनीस सर, चला जरा,” आणि आम्ही मोहल्ल्यात गेलो.

फरीदाचे वडील दुकानात एका चाकाच्या तारा आवळत होते. त्यांनी आम्हाला बसायला स्टूल दिलं, चहा मागवला. बाईंनी विचारलं, पोर शाळेत का नाही. त्यांनी हातातलं चाक बाजूला ठेवलं. मग सांगितलं की लोक विचारतात, तुमच्या लेकीनं शाळेचं मशीन जाळलं का. आज हे बोलतात, उद्या आणखी काही बोलतील. तिला घरीच ठेवतो, काही दिवसांनी स्थळ बघतो. बाई म्हणाल्या, तिनं मोडलेलं नाही. त्यावर ते हसले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज थोडा चढला.

“बाई, तुमी इथं दुकानात बोलताय. तिथं चार माणसांत बोलले होते. चार माणसांत कुणी बोललं की नाय मोडलं, तर पाठवतो.”

“बोलतील,” बाई म्हणाल्या.

परतताना टपाल नाक्यावर आल्यावर बाई मला म्हणाल्या, की तुम्हाला रंग नीट कळतात ना? शनिवारी रंगीत पेन्सिली घेऊन या.

शनिवारी शाळा दुपारी सुटते. बाई हेडसरांपुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, मला कॉम्प्युटर उघडून बघायचाय. दामले सर गडबडले. ती संस्थेची मालमत्ता, कार्यवाहांना विचारल्याशिवाय हात लावता येणार नाही, आपण अर्ज करू. बाईंनी शांतपणे ऐकलं. “सर, मी आज उघडणार हाय. सांगून उघडते. न सांगता उघडायचं असतं तर तुमी घरी गेल्यावर उघडलं असतं.”

दामले सरांना अचानक बँकेचं काम आठवलं. ते उठले, छत्री घेतली आणि गेले. खोलीची किल्ली टेबलावर राहिली. विसरली की ठेवली, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

आम्ही ते धूड उचलून प्रयोगशाळेत खिडकीजवळच्या टेबलावर आणलं. बाईंनी आधी मला पाण्याच्या लोखंडी नळाला हात लावायला लावला, स्वतःही लावला. अंगात साठलेली वीज तिथे जाते म्हणाल्या, नाहीतर आतल्या भागांना बोटाचा चटका बसतो. मागचे स्क्रू काढून काचेच्या बशीत ठेवले. पत्र्याचं झाकण सरकवलं तर आत धुळीची गादी आणि वायरींचं जाळं. हात लावायच्या आधी बाईंनी मला ते सगळं कागदावर काढायला लावलं: कुठली वायर कुठे जाते, कुठल्या रंगाची, चपट्या वायरपट्टीची लाल कड कुठल्या बाजूला. कलाशाळेत स्थिरचित्रं पुष्कळ काढली होती. पण समोरचं स्थिरचित्र चुकलं तर कुणाची तरी नोकरी जाईल, असं कधी झालं नव्हतं.

एकेक भाग सुटत गेला आणि शेवटी तळाशी हिरवी पाटी दिसली. तिच्या एका कोपऱ्यात निळ्या कागदात गुंडाळलेली, करंगळीच्या पेराएवढी बॅटरी होती. तिच्या दोन्ही टोकांना पांढरट-हिरवा फेस येऊन वाळला होता. तो पाटीवर ओघळला होता, आणि जिथे ओघळला होता तिथल्या तांब्याच्या केसासारख्या रेघा खाऊन टाकल्या होत्या. रंग मी ओळखला. जुन्या देवळातल्या घंटेवर असतो तो.

बाई वाकून बघत राहिल्या. पेन्सिल काढून त्यांनी टोकानं तो फेस हलकेच खरवडला. भुगा पडला.

“काकांच्या मिठागरात तांब्याची तार टाकून ठेवा, अशीच होते,” त्या म्हणाल्या. “हे एका दिवसाचं काम नाय. हे कधीचं खात बसलंय.”

मग त्यांनी पाटी उलटी केली आणि थांबल्या. मागे एक चिठ्ठी चिकटवलेली होती, कुठल्याशा दुरुस्तीवाल्याची. तिच्यावर कार्यवाहांच्या कंपनीचं नाव आणि काही वर्षांपूर्वीची तारीख होती. म्हणजे हा ‘नवीन संगणक’ त्यांच्याच ऑफिसात कित्येक वर्षं वापरून झालेला होता. तिथे निकामी व्हायला आला तेव्हा शाळेला मिळाला, हार घालून.

सोमवारी बाईंनी तो बोर्ड दामले सरांच्या टेबलावर, जुन्या साडीच्या तुकड्यावर ठेवला. सरांनी चष्मा वर करून, खाली करून पाहिलं. त्यांना समजलं. चेहऱ्यावरून दिसत होतं की समजलं नसतं तर बरं झालं असतं. संध्याकाळपर्यंत कार्यवाहांनाही कळलं, आणि दुसऱ्या दिवशी बाईंना मेमो आला. संस्थेची मालमत्ता परवानगीशिवाय उघडून नादुरुस्त केल्याबद्दल खुलासा करावा, अन्यथा नुकसान वसूल करून पुढील कारवाई करण्यात येईल. म्हणजे आता कॉम्प्युटर फरीदानं नव्हे, बाईंनी मोडला होता. कार्यवाहांनी निरोपही धाडला, की बाईंना एवढं कळतंय तर चालू करून दाखवावा.

स्टाफरूममधले आम्ही सगळे बाईंना समजावायला लागलो. नोकरी आहे, मुलं लहान आहेत, माफीची दोन वाक्यं लिहून द्या. बाईंनी खुलासा लिहिला. मी तो वाचला आहे. ‘मी उघडला. मी चालू करीन. पुन्हा बिघडला तर पुन्हा उघडीन.’ खाली सही, मं. रा. घरत.

नवीन बोर्ड आणायला त्यांनी किरकोळ रजा टाकली आणि एसटीनं मुंबईला गेल्या. जुना बोर्ड साडीच्या तुकड्यात गुंडाळून मांडीवर. तिथल्या कॉम्प्युटरच्या बाजारात काय झालं ते त्यांनी आम्हाला नंतर मजेत सांगितलं. पहिल्या दुकानात त्यांना भाभी म्हणून, मिस्टरांना पाठवा, असं सांगितलं. दुसऱ्या दुकानात तेच. तिसऱ्या दुकानात बाई आत शिरून खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, मिस्टर कंपनीत ड्यूटीवर आहेत, त्यांना यातलं काही कळत नाही, मला दाखवा. त्या दुकानदारानं मात्र नीट दाखवलं. जुन्या पाटीवरचा मेंदू, म्हणजे हिशेब करणारी चिप, आणि आठवणीच्या, म्हणजे मेमरीच्या, पट्ट्या ज्याच्यावर बसतील असा बोर्ड शोधून दिला, आणि एक गोष्ट बजावली. वीज आणणारे दोन सॉकेट शेजारी शेजारी बसतात. दोन्हींच्या काळ्या वायरी मध्ये, एकमेकींना लागून यायला हव्यात. उलटे बसले तर बटण दाबताक्षणी नवा बोर्ड जळेल. त्यावर दुसरी संधी नाही.

पुढच्या शनिवारी प्रयोगशाळेत गर्दी जमली. बाईंच्या बॅचच्या मुली टेबलाभोवती, मुलगे खिडक्यांच्या गजांना लटकलेले. दामले सर दाराशी. कार्यवाह मधोमध खुर्ची टाकून. आणि मागच्या बाकावर, बाईंनी स्वतः जाऊन आणलेले, फरीदा आणि तिचे वडील.

बाईंनी सगळ्या मुलींना रांगेनं नळाला हात लावायला लावला. कार्यवाहांनी विचारलं, ही काय पूजा आहे का. बाईंनी त्यांनाही जवळ यायचं असेल तर हात लावून यायला सांगितलं. ते बसून राहिले.

माझं चित्र भिंतीला टाचलेलं होतं. बाई त्याच्याकडे बघत एकेक भाग लावत होत्या आणि शाळेत शिकवतात तशाच आवाजात सांगत होत्या. हे पितळी पाय, यांच्यावर बोर्ड उचलून ठेवायचा, खालच्या पत्र्याला टेकला तर वीज भलतीकडे जाईल. हा मेंदू, याच्या कोपऱ्यावरची खूण त्या खुणेला जुळवायची, दाबायचं नाही, आपोआप बसतो. ही डिस्कची वायरपट्टी, लाल कड इकडे. विजेच्या सॉकेटांपाशी आल्या तेव्हा मात्र त्या बोलायच्या थांबल्या. एक बसवलं. दुसरं बसवलं. वाकून काळ्या वायरी बोटानं चाचपल्या. पुन्हा चित्राकडे पाहिलं.

बटण दाबलं. पंखा फिरला, आणि डब्यातून लांब भोंगा वाजला. थांबला. पुन्हा वाजला. पडदा काळाच.

कार्यवाह उठून उभे राहिले. “झालं समाधान?” त्यांनी विचारलं. “आता दोन बोर्ड गेले.”

बाईंनी बटण बंद केलं. त्यांच्या मानेवर अंबाडा सुटून आला होता. कपाळावर घाम होता, आणि मी त्यांना इतकी वर्षं ओळखत असूनही, त्या घाबरल्या आहेत हे पहिल्यांदाच पाहत होतो. त्यांनी बोर्डाबरोबर आलेलं पातळ पुस्तक उघडलं, एक पान वाचलं, परत वाचलं. मग मान वर केली.

“बसा,” त्या कार्यवाहांना म्हणाल्या. “ओरडतोय म्हणजे जिवंत हाय. आठवणीची पट्टी नीट बसली नाय म्हणून ओरडतोय.” आणि मागच्या बाकाकडे वळल्या. “फरीदा, इकडे ये. तुझी बोटं बारीक हायत.”

फरीदा जागची हलली नाही. तिनं वडिलांकडे पाहिलं. कार्यवाह म्हणाले, या मुलीला हात लावायला मनाई केली आहे. बाई म्हणाल्या, मनाई मी ऐकली. आणि फरीदाच्या वडिलांकडे बघत राहिल्या. वडिलांनी मुलीच्या पाठीवर हात ठेवून तिला पुढे केलं.

फरीदानं नळाला हात लावला. बाईंनी दाखवलं तशी ती आठवणीची पट्टी तिरकी धरून खाचेत घातली आणि उभी केली. दोन्ही बाजूंच्या चिमट्यांचा टक् असा आवाज झाला. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेला.

“बटण,” बाई म्हणाल्या.

“मी?”

“तूच. त्या दिवशी पण तूच दाबलं होतंस.”

तिनं दाबलं. एकच छोटीशी शीळ वाजली, आणि काळ्या पडद्यावर पांढरे आकडे भरभर चढायला लागले. मुली टाळ्या वाजवणार तोच बाईंनी हात वर केला. अजून काम होतं. नव्या बोर्डाला जुन्या डिस्कची ओळख नव्हती, ती करून द्यावी लागली. तारीखही त्याला ठाऊक नव्हती. तो कुठल्या तरी मागच्या वर्षात जगत होता. तारीख फरीदानं घातली. मग मुलींची दिवाळीपूर्वीची कामं एकेक करून पडद्यावर आली, तेव्हा बाईंनी खुर्ची मागे सारली.

जुना बोर्ड त्यांनी कार्यवाहांच्या समोर धरला, चिठ्ठीची बाजू त्यांच्याकडे.

“हा कुठून आला, ते मी बोलत नाय. ते तुमी जाणा. पोरीनं मोडला नव्हता, एवढं बोला. तिच्या बापासमोर बोला, तेव्हा बोलला होतात तसं.”

कार्यवाहांनी चिठ्ठी पाहिली. म्हणाले, ठीक आहे, झालं ते झालं, मशीन चालू झालं, विषय संपला.

“ठीक नाय. बोला.”

कार्यवाहांनी घड्याळ पाहिलं आणि ते दाराकडे निघाले. दारात दामले सर उभे होते. कार्यवाहांना वाट द्यायला ते बाजूला झाले, अगदी सवयीनं. आणि मग, कार्यवाह व्हरांड्यात पोहोचायच्या आत, सरांनी घसा साफ केला. फरीदाच्या वडिलांपुढे जाऊन ते म्हणाले, “तुमच्या मुलीचा काही दोष नव्हता. शाळेकडून चूक झाली. मी या शाळेचा मुख्याध्यापक आहे, मी सांगतो.” व्हरांड्यातली पावलं क्षणभर थांबली, आणि पुढे गेली.

फरीदाच्या वडिलांनी सरांचे दोन्ही हात धरले. ग्रीसचे डाग सरांच्या पांढऱ्या बाह्यांना लागले.

आम्हाला वाटलं, बाई जिंकल्या. बाईंना तसं वाटलं नाही. दामले सर बोलले ते त्यांना आवडलं, त्या दिवसापासून त्या सरांशी फार मायेनं वागायला लागल्या. पण जो बोलला त्यानंच शब्द मागे घ्यायला हवा होता, हे त्यांनी सोडलं नाही. कार्यवाह स्टाफरूममध्ये आले की आम्ही सगळे उठायचो. बाई वह्या तपासत राहायच्या. याची किंमत त्यांना मोजावी लागली. पर्यवेक्षकाची जागा रिकामी झाली, क्रम त्यांचा होता, नेमणूक दुसऱ्याची झाली. बाईंनी त्याविरुद्ध जिल्ह्याच्या कार्यालयापर्यंत धडक मारली, आणि हरल्या. हरल्याच्या दुसऱ्या दिवशी त्या वेळेवर शाळेत आल्या आणि नव्या पर्यवेक्षकांना त्यांच्या वेळापत्रकातली चूक दाखवून दिली.

मेमो कधी मागे घेतला गेला नाही. मुलींची बॅच मात्र चालू राहिली, आणि दरवर्षी पहिल्या दिवशी बाई मुलींना आधी डबा उघडायला लावत, मग बटण दाबू देत. फरीदा दहावी झाली. तिच्या स्थळाची गोष्ट वडिलांनी पुन्हा काढली नाही. ती बारावीनंतर डिप्लोमाला गेली, तेव्हा फॉर्मवर कुठला विषय लिहायचा हे विचारायला कुणाकडे आली नाही. भरून मग दाखवायला आली.

नव्वदीच्या शेवटी मला नाशिकला माझ्या गावाजवळ नोकरी मिळाली आणि आम्ही पनवेल सोडलं. निघायच्या दिवशी सामानाचा टेम्पो भरला. मी ड्रायव्हरशेजारी बसलो होतो. खांदा कॉलनीतून बाहेर पडून हमरस्त्याला लागायच्या तोंडाशी गर्दी दिसली. रस्त्याच्या मधोमध एक स्कूटर आडवी पडली होती, आणि तिच्याशेजारी साडी झटकत घरतबाई उभ्या होत्या. पन्नाशीच्या आसपास त्यांना स्कूटर शिकायची लहर आली होती, हे मला तिथेच कळलं. कोपर खरचटून रक्त आलं होतं. दोन-तीन माणसं मदतीला धावली. एकानं स्कूटर उचलायला हात घातला, दुसरा सांगत होता, बाई, या वयात कशाला, मिस्टरांना चालवू द्या. बाईंनी दोघांनाही हातानं बाजूला केलं.

मी खाली उतरणार होतो. मग वाटलं, उतरलो तर मलाही बाजूला करतील.

त्यांनी हँडल धरून, गुडघा टेकून ती स्कूटर एकटीनं उभी केली. किक मारली. लागली नाही. पुन्हा मारली. मागे एसटी हॉर्न वाजवत होती, ट्रक वाजवत होते, आमचा ड्रायव्हरही वैतागून हॉर्नवर हात ठेवून होता. बाईंनी वळून त्या सगळ्या रांगेकडे एकदा पाहिलं, आणि पुन्हा किक मारली. स्कूटर लागली. दोन्ही पाय जमिनीला घासत, नागमोडी जात, त्या रस्ता ओलांडायला लागल्या. पलीकडे पोहोचेपर्यंत सगळा रस्ता थांबून होता.